जुन्या बाइकचा डिपर कधी लागतो कधी नाही: स्विच असेंब्ली बदलायच्या आधी हे तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे की गाडी वीस-पंचवीस वर्षं जुनी, १२ व्होल्टची, बॅटरी नवीन आहे. हेडलाईट डिपरवर (जवळच्या, खालच्या झोतावर) टाकली की जाते, स्विच अंगठ्याने जरा वर रेटून धरला की येते, अप्परला (लांबच्या झोताला) काही प्रॉब्लेम नाही. शिवाय हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की हॉर्न बारीक होतो नाहीतर वाजतच नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, चार दिवस बरं चाललं, परत तेच. मेकॅनिक म्हणतो डाव्या बाजूची पूर्ण स्विच असेंब्ली बदला. तर बदलू का?

एवढ्यात नको. तुमच्या वर्णनावरूनच दिसतंय की हे दोन वेगवेगळे फॉल्ट आहेत आणि त्यातला एकच स्विचमधला असावा. अंगठ्याच्या दाबाने जी तक्रार कमी-जास्त होते ती स्विचच्या आतली, आणि हँडल वळवल्यावर जी होते ती वायरिंगची, कारण हँडल वळवताना स्विच हँडलबरोबरच फिरतो, त्याच्या आत काहीच हलत नाही, वाकतात त्या फक्त वायरी. नवीन असेंब्ली टाकली तर डिपर सुधारेल आणि हॉर्न आहे तिथेच राहील, मग तुम्ही म्हणाल नवीन स्विचपण डुप्लिकेट निघाला. जुन्या गाड्यांच्या इलेक्ट्रिकलमध्ये हे फार होतं, स्विचवर आपला हात असतो म्हणून संशय पहिला त्याच्यावरच जातो, आणि खरा चोर डूमच्या (हेडलाईटच्या डब्याच्या) मागे नाहीतर टाकीखाली बसलेला असतो.

आधी दहा मिनिटांची फुकटची कामं. बॅटरीचे टर्मिनल घट्ट आहेत का बघा, नवीन बॅटरी बसवताना बोल्ट अर्धवट आवळलेला असतो हे खूपदा सापडतं. मग फ्यूज होल्डर. जुन्या गाड्यांत काचेचा फ्यूज असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या पितळी क्लिपा काळानुसार सैल पडतात, हिरवट होतात, फ्यूज शाबूत दिसतो पण क्लिप गरम होते. लाईट चालू ठेवून पाच मिनिटांनी हाताला होल्डर गरम लागला तर तिथे करंट अडतोय. नंतर बल्बचा होल्डर, त्याचं प्लास्टिक तपकिरी झालंय का, आतली पत्ती सैल झालीय का.

आणि बल्बवरच खात्री करायची असेल तर मीटर नसतानाही एक सोपी ट्रिक आहे. बल्बच्या मागच्या डिपर आणि अप्परच्या दोन वायरी तात्पुरत्या अदलाबदल करा. आता स्विच डिपरवर टाकला की करंट बल्बच्या अप्पर फिलामेंटला जाणार. तरीही डिपर पोझिशनलाच लाईट जात असेल तर फॉल्ट स्विच किंवा वायरकडे आहे, बल्ब निर्दोष. उलट डिपर पोझिशनला लाईट मस्त लागली आणि अप्परला टाकल्यावर गेली तर बल्ब नाहीतर होल्डरची ती पिन गेलीय. तुमच्या केसमध्ये अंगठ्याने फरक पडतोय म्हणजे उत्तर जवळपास माहीत आहे, पण करून बघायला काय जातं.

आता मुद्द्याचं. बहुतेक लोक मल्टीमीटर घेतात, बीपवर ठेवतात, स्विचच्या दोन वायरींना लावतात, बीप वाजली की म्हणतात स्विच ओके. ही टेस्ट अशा फॉल्टला जवळजवळ निरुपयोगी आहे. बऱ्याच मीटरची बीप तीस-चाळीस ओहमपर्यंतसुद्धा वाजते, आणि आपल्याला त्रास देणारा रेझिस्टन्स असतो एक-दोन ओहमचा. शिवाय मीटर तपासताना अगदी किरकोळ करंट सोडतो. विहिरीच्या दोराचे सगळे पीळ तुटून एकच उरला असेल तरी रिकामा दोर लटकलेला दिसतो ठीकच, भरलेली घागर लावली की कळतं. तसंच जुन्या वायरीचं, सोळा तारांतली एक शाबूत असली तरी बीप खणखणीत वाजते आणि हेडलाईटचा करंट मागितला की ती मान टाकते.

थोडा हिशोब करू म्हणजे एक ओहम किती महाग पडतो ते कळेल. ३५ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण ३ अँपिअर खातो, ५५-६० वॉटचा एच-फोर असेल तर साडेचार ते पाच. वाटेत एक ओहमचा घाणेरडा कॉन्टॅक्ट असेल तर ३५ वॉटच्या बल्बालाच जवळजवळ अडीच व्होल्ट कमी मिळतात. आणि फिलामेंटचा बल्ब व्होल्टेजच्या बाबतीत फार नाजूक, १० टक्के व्होल्टेज कमी झालं की उजेड साधारण ३० टक्के कमी होतो, २० टक्के कमी झालं की निम्म्याहूनही खाली. म्हणजे बल्ब पेटलेला दिसतो पण रस्ता दिसत नाही. ते अडीच व्होल्ट कुठे गेले? त्या कॉन्टॅक्टवर उष्णता होऊन गेले, सहा-एक वॉट, एवढ्याशा पितळी पत्तीवर. म्हणून स्विचचं प्लास्टिक वितळतं, त्याने पत्ती आणखी सैल होते, रेझिस्टन्स आणखी वाढतो, असं ते चक्र सुरू होतं. सहा व्होल्टची खूप जुनी गाडी असेल तर हाल दुप्पट, कारण तिथे मुळात द्यायलाच सहा असतात.

तर मोजायचं असं की करंट वाहत असताना व्होल्टेज कुठे हरवतंय ते बघायचं. मीटर डीसी २० व्होल्टच्या रेंजवर, हेडलाईट चालू, बल्ब जोडलेलाच ठेवायचा हे महत्त्वाचं. लाल प्रोब बॅटरीच्या प्लसवर, काळा प्रोब बल्बच्या होल्डरमध्ये मागून घुसवून डिपरच्या पिनवर. जो आकडा दिसेल तेवढं व्होल्टेज प्लसच्या बाजूला वाटेत गळतंय. अर्धा व्होल्ट असेल तर जुन्या गाडीच्या मानाने छान, एकच्या वर गेलं की शोधायला लागा. मग तीच लांबी तुकड्यांत मोजायची, बॅटरी प्लस ते फ्यूजच्या पुढची वायर, फ्यूज ते चावीच्या स्विचची आउट वायर, तिथून हँडल स्विचमध्ये जाणारी वायर, आणि शेवटी स्विचची इन वायर ते आउट वायर. चांगल्या स्विचवर ०.१ ते ०.२ व्होल्टच्या वर काही दिसायला नको. तुमच्या स्विचवर डिपरला लाईट मंद असताना बहुतेक दोन-तीन व्होल्ट दिसतील, पूर्ण गेलेली असताना बाराच्या जवळ, आणि अंगठा दाबला की आकडा खाली पडेल. हे डोळ्याने बघितलं की मग कोणाला विचारायची गरज राहत नाही.

अर्थची बाजू, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट, विसरू नका. बल्बची अर्थ पिन ते बॅटरी मायनस असंच मोजा, तिथेही ०.२ च्या आत पाहिजे. अर्थ खराब असेल तर गमतीशीर प्रकार होतात, इंडिकेटर दिला की हेडलाईट मंद होते, ब्रेक दाबला की स्पीडोमीटरची लाईट लुकलुकते, कारण करंट घरी परत जायला दुसऱ्याच बल्बातून वाट काढतो.

एक गोष्ट इथे नवीन माणसाला चकवते. वायर पूर्णच तुटली असेल आणि बल्ब लागतच नसेल तर करंट शून्य, त्यामुळे चांगल्या भागांवर ड्रॉप (वाटेत हरवलेलं व्होल्टेज) शून्य दिसतो आणि तुटलेल्या जागेच्या दोन बाजूंना पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. म्हणजे स्विचच्या इन-आउटवर १२ व्होल्ट दिसले तर खूश व्हायचं नाही, स्विच चालू असताना तिथे १२ दिसणं म्हणजे तो आतून जोडलाच जात नाहीये.

हे सगळं बॅटरीवर चालणाऱ्या हेडलाईटचं झालं. बऱ्याच जुन्या छोट्या गाड्यांची हेडलाईट बॅटरीवर नसतेच, मॅग्नेटोच्या (इंजिनबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या) कॉइलवरून थेट एसी येतो. ओळखायचं कसं तर चावी चालू, इंजिन बंद, हॉर्न वाजतो पण हेडलाईट लागत नाही, आणि इंजिन चालू केल्यावर रेस वाढवली की उजेड वाढतो. अशा गाडीवर मीटर एसीवर ठेवा आणि बॅटरीशी तुलना करत बसू नका, इंजिन चालू ठेवून फक्त स्विचच्या इन आणि आउटमधला फरक मोजा. तत्त्व तेच. डीसी रेंजवर ठेवून मोजलं तर काहीतरी भलतेच आकडे येतील आणि तुम्ही रेग्युलेटर बदलून याल.

आता हॉर्न. इंजिन बंद, चावी चालू, हॉर्न दाबून धरा आणि हँडल हळूहळू एका लॉकपासून दुसऱ्या लॉकपर्यंत फिरवा. कुठे आवाज बदलतो ती जागा लक्षात ठेवा. मग हँडल त्याच जागी ठेवून डूमच्या मागचा, स्टीअरिंगच्या गळ्याशी वळणारा वायरचा जुडगा बोटांनी थोडा थोडा दाबत पुढे जा. गळ्याशी वायरी हजारो वेळा वाकतात, आतली तांब्याची तार तुटते आणि वरचं प्लास्टिक मात्र अखंड दिसतं. संशय असलेली वायर दोन्ही हातांनी हलके ताणून बघायची, आत तार तुटली असेल तर वायर त्या जागी रबरासारखी लांबते, चांगली वायर ताणली जात नाही. वायरीला सुई टोचून तपासायची सवय मला आवडत नाही, त्या भोकातून पावसाचं पाणी आत जातं आणि वर्षभराने तिथेच हिरवं होतं. टोचलीच तर नंतर त्यावर इन्सुलेशनची स्लीव्ह (नळी) चढवा.

हॉर्नच्या बाबतीत अजून एक भानगड आहे, खूप जुन्या गाड्यांत बटण प्लसच्या बाजूला नसून अर्थच्या बाजूला असतं. हॉर्नला चावी चालू केली की कायम प्लस येतो आणि बटण दुसरं टोक अर्थ करतं. तपासायला सोपं आहे, बटण न दाबता हॉर्नच्या दोन्ही टर्मिनलवर चेसिसच्या मानाने १२ व्होल्ट दिसले तर तुमचं बटण अर्थच्या बाजूचं. आता बटण दाबा, बटणाकडचं टर्मिनल शून्याजवळ यायला पाहिजे. ते तीन-चार व्होल्टवर अडकलं तर अर्थकडची वाट खराब, आणि ते शून्यावर आलं पण दुसरं टर्मिनल बारावरून नऊवर पडलं तर प्लसची वाट खराब. काही गाड्यांत तर बटणाची अर्थ वायर वेगळी दिलेलीच नसते, करंट स्विचच्या बॉडीतून हँडलला, हँडलमधून स्टीअरिंगच्या बेअरिंगमधून चेसिसला जातो. हँडलला पावडर कोटिंग केलं, रबरी बुश टाकले, बेअरिंगला नवीन ग्रीस भरलं की हॉर्न आजारी. अशा वेळी हँडलच्या क्लॅम्पपासून बॅटरी मायनसला एक तात्पुरती वायर लावून बघा, हॉर्न एकदम ठणठणीत झाला तर तीच वायर नीट जाड घेऊन कायमची टाकून द्या, डूमच्या आतून, हँडल वळायला पुरेल एवढी सैल ठेवून.

हँडलने बदलणारा फॉल्ट कपलरमध्येपण, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगमध्येपण, असू शकतो. डूमच्या आत पाच-सहा बुलेट कनेक्टर आणि एक-दोन कपलर असतात, एकेक ओढून बघा, जो सहज निघून आला तोच बहुतेक गुन्हेगार. आतली फिमेल पिन बारीक नोजप्लायरने किंचित दाबली की पकड परत येते. ताकद लावू नका, जुनं पितळ ठिसूळ झालेलं असतं.

आता स्विच उघडायचा भाग, कारण डिपर तुम्हाला उघडावाच लागणार.

आधी बॅटरीचं मायनस टर्मिनल काढा. स्विचमध्ये येणारी प्लसची वायर सुटून हँडलला टेकली तर फ्यूज जाईल, आणि फ्यूजला कोणी पूर्वी तार गुंडाळून ठेवली असेल तर वायरिंगच जाईल, वरती टाकीत पेट्रोल असतं हे डोक्यात ठेवा. स्विचचे स्क्रू सहसा खालच्या बाजूने असतात आणि वर्षानुवर्षं घाम-पाणी पिऊन जाम झालेले असतात. जपानी गाडी असेल तर ते स्क्रू जेआयएस (जपानी मानकाच्या) पद्धतीचे असतात, साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात नीट बसत नाही आणि डोकं खाऊन टाकतो. जेआयएसचा बिट मिळाला तर उत्तम, नाहीतर आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइलचा एक थेंब सोडा आणि सकाळी स्क्रूड्रायव्हरच्या मागे हलका हातोडा मारून मगच फिरवा.

स्विचचे दोन अर्धे भाग सुटले की ताबडतोब काही ओढू नका. फोटो काढा, दोन-तीन कोनांतून, वायरींचे रंग दिसतील असे. डिपरची आणि इंडिकेटरची कळ बाहेर काढताना स्विच एका मोठ्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत धरून काढा, कारण आत मिरीएवढी स्टीलची गोळी आणि तिच्यामागे स्प्रिंग असते, तीच ती टक-टक करणारी, आणि ती उडाली की जन्मात सापडत नाही. पिशवीत उडाली तर पिशवीतच राहते. हे वाचून हसाल, पण पिशवी घ्या.

आत काय दिसेल ते सांगतो. एका फायबरच्या किंवा बॅकेलाइटच्या पट्टीवर रिव्हेटसारखे तीन पितळी ठिपके, मागून वायरी सोल्डर केलेल्या, आणि कळीला चिकटलेली एक पत्ती जी स्प्रिंगच्या दाबाने त्या ठिपक्यांवरून सरकते. मधला ठिपका प्लस, एका बाजूचा अप्पर, एका बाजूचा डिपर. सगळीकडे पूर्वीचं ग्रीस धूळ खाऊन काळ्या मेणासारखं झालेलं असेल. डिपरचा ठिपका बघा, बहुतेक काळा पडून खड्डा झालेला असेल, कारण रोजच्या वापरात लाईट जास्त वेळ डिपरवरच असते. म्हणूनच तुमचा अप्पर ठीक आहे. आणि तुम्ही मारलेल्या स्प्रेने वरची घाण सैल झाली म्हणून चार दिवस चाललं, खड्डा भरून यायचं काम स्प्रे करत नाही.

स्वच्छ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर आणि जुना टूथब्रश. पेट्रोल नको, थिनर आणि कार्ब क्लीनर तर अजिबात नको, कळीचं प्लास्टिक चिरकतं किंवा मऊ पडतं. सुकल्यावर ठिपके आणि पत्तीचं पोट १००० नंबरच्या किंवा त्याहून बारीक पॉलिश पेपरच्या पातळ पट्टीने घासायचं, चकाकी दिसली की थांबायचं. कानस आणि जाड एमरी पेपर लावणारे लोक असतात, त्यांना दोन महिन्यांनी परत स्विच उघडायची हौस असते. कॉन्टॅक्टवर चांदीचा मुलामा असेल तर तो काळा पडलेलाही करंट बऱ्यापैकी नेतो, तो खरवडून खालचं पितळ उघडं करू नका, साधा पेन्सिलचा खोडरबर पुरतो.

मग स्प्रिंग. अंगठा वर रेटल्यावर लाईट येते म्हणजे फक्त घाण नाही, पत्तीचा दाब कमी झालाय. एकतर गरम होऊन स्प्रिंग मऊ पडलीय किंवा कळीचं प्लास्टिक झिजून पत्ती तिरकी बसतेय किंवा डिपरचा ठिपका गरम होऊन पट्टीत खाली बुडालाय. नखाने ठिपक्यांवरून आडवं फिरवून बघा, तिन्ही एका पातळीत लागले पाहिजेत. स्प्रिंग किंचित ताणून तात्पुरतं काम भागतं, पण उष्णता खाल्लेली स्प्रिंग परत बसते, तेवढ्याच व्यासाची दुसरी मिळाली तर बदला, बॉलपेनची कापून बसवलेलीही चालते, फार कडक निघाली तर कळ जड होते एवढंच. बुडालेल्या ठिपक्यावर सोल्डरचा छोटा थेंब टाकून सपाट घासून उंची वाढवता येते. सोल्डर मऊ असतो, पितळासारखा टिकत नाही, पण नवीन स्विच मिळेपर्यंत गाडी रस्त्यावर राहते. ठिपका पट्टीत हलत असेल, हाताने गोल फिरत असेल, तर मात्र दुरुस्तीच्या नादी लागू नका, ती पट्टी गेली.

मागचे सोल्डर जॉइंटही बघा. वायर सोल्डरला जिथे भेटते तिथेच ती तुटते, कारण सोल्डर तारांमध्ये चढून तेवढा भाग कडक होतो. परत सोल्डर करायचं तर वायर अर्धा इंच कापून काळी तार टाकून द्या, काळ्या तारेवर सोल्डर बसत नाही, कितीही फ्लक्स लावा. फ्लक्स राळेचाच, पत्र्याच्या कामाचा ॲसिडवाला नको, तो नंतर आतून खातो. सोल्डरिंगची इस्त्री २५ ते ४० वॉटची, आधी वायरीच्या टोकाला वेगळा सोल्डर चढवून ठेवायचा आणि मग जॉइंट दोन-तीन सेकंदांत उरकायचा, जास्त वेळ धरलं की पट्टी वितळून ठिपका बुडतो, म्हणजे जे दुरुस्त करायला बसलो तेच. आणि स्लीव्ह आधी वायरीत ओवा. सगळेच विसरतात.

जोडताना ग्रीस किती? थोडंसं. सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस बोटावर घेऊन पुसट हात फिरवायचा. हे ग्रीस करंट नेत नाही, पत्तीच्या दाबाने ते बाजूला सरकतं आणि कडेने पाणी अडवतं, त्यामुळे थापून भरलं तर फायद्याऐवजी तोटा. गोळीच्या खाचेत मात्र सढळ हाताने भरा. स्विचच्या खालच्या अर्ध्यात एक बारीक भोक किंवा खाच असते ती पाणी निथळायला दिलेली आहे, ती चिखलाने बुजलेली असेल तर मोकळी करा, सिलिकॉन लावून बंद करणारे महाभाग आहेत, मग आत गेलेलं पाणी आतच शिजतं.

विचारलं नाही तुम्ही, पण उजव्या बाजूचा स्विच उघडण्याआधी हे वाचा. किल स्विच (इंजिन बंद करायचा) दोन जातींचा असतो आणि दोन्ही अगदी उलट वागतात. बॅटरीवर चालणाऱ्या इग्निशनमध्ये, प्लॅटिनम पॉइंट असो की डीसी सीडीआय (स्पार्क देणारं इलेक्ट्रॉनिक युनिट), किल स्विच कॉइलकडे जाणारा प्लस तोडतो. तिथे कॉन्टॅक्ट खराब झाला की गाडी खड्ड्यात आचके देते, ओव्हरटेक करताना मिसिंग करते, आणि लोक कार्बोरेटर खोलून बसतात. मॅग्नेटोवाल्या एसी सीडीआयमध्ये उलट, किल स्विच एक वायर अर्थ करतो तेव्हा इंजिन बंद पडतं. तिथे वायर तुटली तर गाडी चालू राहील पण बंद होणार नाही, आणि वायर कुठे घासून चेसिसला टेकली तर सुरूच होणार नाही. या दुसऱ्या प्रकारात किलच्या वायरीला बॅटरीचा प्लस किंवा टेस्ट लॅम्प चुकूनही लावू नका, सीडीआय युनिट जायची शक्यता असते. तपासायचं तर ती वायर कपलरमधून सोडवा आणि किक मारून बघा, स्पार्क आला म्हणजे स्विच किंवा त्याची वायर शॉर्ट आहे.

अजून एक, काही जुन्या जपानी गाड्यांत हेडलाईटचा करंट स्टार्टरच्या बटणातून फिरवून आणलेला असतो, म्हणजे सेल्फ मारताना हेडलाईट बंद व्हावी म्हणून. तुमच्या गाडीत तसं असेल आणि अप्पर-डिपर दोन्ही एकदम जात असतील तर डाव्या स्विचला हात न लावता उजवीकडचं सेल्फचं बटण साफ करा. तुमचा फक्त डिपर जातोय म्हणून हे तुम्हाला लागू नाही, पण ज्याला लागू आहे तो वर्षभर डावा स्विच बदलत बसतो.

ब्रेकचा स्विच, न्यूट्रलचा, स्टँडचा, हे सगळे याच पद्धतीने मोजायचे, वेगळं काही नाही. मागच्या ब्रेकचा स्प्रिंगवाला स्विच ॲडजस्ट करताना नट फिरवा, बॉडी नाही, बॉडी फिरवली की खालून वायरी पिळून तुटतात.

दुरुस्तीनंतर रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाकावा का असं पुढचं विचाराल. बॅटरीवरची हेडलाईट असेल तर टाकावा, माझ्या मते जुन्या स्विचला दिलेली ती पेन्शनच आहे. बल्बचा करंट बॅटरीवरून फ्यूज घेऊन रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ वरून बल्बला, आणि स्विचची जुनी वायर फक्त ८६ ला, ८५ अर्थ. रिलेची कॉइल ०.१५ अँपिअरच्या आसपास खाते, त्यामुळे स्विचवर ओझं उरतच नाही. अप्पर आणि डिपरला दोन वेगळे रिले लागतात. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वायर दीड स्क्वेअर एमएमच्या खाली नको. मात्र आधी कॉन्टॅक्ट साफ करूनच, कारण इतक्या कमी करंटला घाणीचा थर भेदता येत नाही आणि रिले कटकट करत बसतो. आणि रिले टाकला म्हणून १०० वॉटचा बल्ब टाकायचा नाही, जुन्या गाडीचं चार्जिंग तेवढं देत नाही, बॅटरी रोज थोडी थोडी उपाशी राहते. एसी हेडलाईटला हा साधा रिले चालत नाही, तिथे तो विषय सोडून द्या.

एवढं करूनही पट्टी गेलेलीच निघाली तर नवीन असेंब्ली घ्या, पण कपलर बसतो म्हणून थेट जोडू नका. बाहेरच्या बनावटीच्या स्विचमध्ये वायरींचे रंग तुमच्या गाडीशी जुळतीलच असं नाही. सर्वसाधारणपणे होंडात हिरवी अर्थ आणि काळी म्हणजे चावीनंतरचा प्लस, यामाहात काळी अर्थ आणि तपकिरी प्लस, सुझुकीत काळी-पांढरी अर्थ आणि नारिंगी प्लस, कावासाकीत काळी-पिवळी अर्थ. म्हणजे एकाची काळी प्लस तर दुसऱ्याची काळी अर्थ, रंग बघून जोडलं की धूर. जुन्या ब्रिटिश गाड्यांत तर बॅटरीचा प्लसच चेसिसला असायचा आणि लाल वायर अर्थची. म्हणून नवीन स्विच हातात घेऊन प्रत्येक पोझिशनला कोणती वायर कोणाला जोडली जाते ते मीटरने बघून कागदावर लिहा, इथे बीप टेस्ट बिनधास्त वापरा, या कामाला ती उत्तम आहे. मग जुन्याचा तसाच कागद करा, दोन्ही शेजारी ठेवा आणि जुळवा. जुना स्विच फेकू नका, कळ, स्प्रिंग आणि गोळी तरी कामाला येते, आणि बऱ्याचदा जुन्याचं पितळ नव्यापेक्षा जाड असतं.

मोजलेले आकडे इथेच टाका, बॅटरी ते डिपर पिन, स्विचच्या इन-आउटवर अंगठा दाबून आणि न दाबता, आणि हॉर्नच्या दोन्ही टर्मिनलवर हँडल सरळ असताना आणि डावीकडे असताना. गाडी कोणती तेही लिहा, तुम्ही ते लिहिलेलंच नाहीये.